गेनूभाऊंचं बोट आणि माझा भोंगा

माझा धंदा आवाजाचा. नारायणगावात माझं रेडिओ दुरुस्तीचं आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. आता ते मुलगा चालवतो. लग्न, बारसं, प्रचारसभा, दशक्रियेचं प्रवचन, जिथे चार माणसं जमतील तिथे माझा भोंगा ठरलेला. पण आसपासच्या दोन्ही तालुक्यांत लोक मला ओळखतात ते क्रिकेटच्या कॉमेंट्रीमुळे. त्याचं असं झालं, की एका गावच्या जत्रेत टेनिस बॉलची स्पर्धा होती, भोंगा माझा गेला होता, आणि बोलणारा गडी ऐनवेळी फिरकलाच नाही. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "शेठ, मशीन तुमचं हाये, तर तोंड बी तुमचंच लावा." लावलं. ते अजून बंद झालेलं नाही, असं आमच्या मंडळींचं मत आहे.

कॉमेंट्री म्हणजे नुसतं "चेंडू सीमारेषेपार" नाही. मंडपात सरपंच आले, की चालू ओव्हरमध्ये त्यांचं स्वागत करावं लागतं. ते गेले, की आभार. मधे कुणाची गाडी रस्त्यात आडवी लावलेली असते, कुणाच्या किल्ल्या सापडलेल्या असतात, कुणाची सासुरवाडीची पाहुणी माणसं चुकून बैलगाडा शर्यतीच्या घाटाकडे गेलेली असतात. हे सगळं सांगता सांगता एखादी विकेट पडून जाते आणि बॅट्समन पायवाटेने परत येताना दिसला, की मग कळतं. अशा वेळी "अप्रतिम चेंडू!" असं म्हणायचं. चेंडू कसा होता हे कोण विचारतंय?

पण आज मला माझ्या तोंडाबद्दल नाही, एका बोटाबद्दल लिहायचं आहे. गेनूभाऊ अंपायर गेल्या उन्हाळ्यात गेले. भरल्या घरात, पोटभर जगून गेले. त्यांच्या दहाव्याला मी भोंगा नेला होता, आणि ज्यांनी आयुष्यभर एकमेकांची डोकी फोडायची भाषा केली असे निम्म्या गावांचे कॅप्टन नदीकाठी शेजारी शेजारी मांडी घालून बसलेले पाहिले. तेव्हाच ठरवलं, की या माणसाबद्दल लिहायचं.

आमच्याकडच्या क्रिकेटची थोडी माहिती द्यायला हवी, नाहीतर शहरातल्या वाचकाला वाटेल, की अंपायर म्हणजे टोपी घालून उभा असलेला सभ्य गृहस्थ. आमच्याकडे अंपायर यजमान गावाने आणायचा. त्यामुळे तो सामना सुरू व्हायच्या आधीच पाहुण्या संघाच्या दृष्टीने चोर असतो. पाहुण्यांच्या बाजूने एखादा निर्णय दिला, की यजमानांच्या दृष्टीने फितूर. आमच्या खेळात एलबीडब्ल्यू नाही, आणि त्यामागे मोठा विचार आहे. ती ठेवली असती तर दोन तालुक्यांत अंपायर औषधालाही उरला नसता. तरी भांडायला नो बॉल आहे, रनआउट आहे, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे कट. चेंडू बॅटला निसटता लागून कीपरच्या हातात गेला, तर आउट. पण टेनिसचा चेंडू मऊ. तो लागल्याचा आवाज कसला, नुसता श्वास सोडल्यासारखा. तो ज्याला ऐकू येतो तो अंपायर.

गेनूभाऊंना तो ऐकू यायचा. घराणं मेंढपाळाचं. वडिलांपर्यंत मेंढरांचा वाडा घेऊन रानोमाळ हिंडत होते, यांच्या वेळेला कांदा-टोमॅटो आला आणि मेंढरं पाच-दहावर राहिली. "कळपात कोकरू कुठं अडकलंय ते आवाजावरून हुडकावं लागतं. तुमची कट काय घिऊन बसलात?" असं ते म्हणायचे.

आमची ओळख भांडणातून झाली. आमच्या पहिल्याच सामन्यात रनआउटचं अपील झालं आणि मी उत्साहाच्या भरात "आउट! आउट!" म्हणून मोकळा झालो. लोक नाचायला लागले. गेनूभाऊंनी हाताने खेळ थांबवला, पिचवरून चालत थेट माझ्या ट्रॉलीपाशी आले. होय, ट्रॉलीच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ताडपत्री टाकली, की आमचा कॉमेंट्री बॉक्स तयार. खालून वर बघत म्हणाले, "पावणं, भोंगा तुमचा, बोट माझं. आदी बोट, मग भोंगा." आणि परत जाऊन त्यांनी नॉटआउट दिलं. नॉटआउटच होता तो. मी इतका लांब बसलेलो, मला काय दिसणार? त्या दिवशी संध्याकाळी त्यांनीच मला घरी नेऊन पिठलं-भाकरी खाऊ घातली. पाहुण्याचा मी लवकरच "भाऊ" झालो.

मैदानात ते पांढरा कोट घालायचे, तो गुरांच्या दवाखान्यातल्या एका कंपाउंडरने निवृत्त होताना दिलेला होता. अंपायर म्हटल्यावर कोट हवा, एवढंच गेनूभाऊंना ठाऊक. कोटाला खिसे मोठे, त्यामुळे दोन्ही संघांच्या सोन्याच्या चेनी, घड्याळं, मोबाइल, तंबाखूच्या पुड्या असा सगळा जामानिमा त्यांच्या खिशात. बोलर आपला स्वेटर त्यांच्या कमरेला बांधायचा. सामना रंगात आला, की गेनूभाऊ नवसाच्या झाडासारखे दिसायचे. एकदा मंचरच्या बाजूला सामना चालू असताना एक म्हातारी शेळी ओढत सरळ पिचवर आली. "डॉक्टर, कालपासनं रवंथ करीत न्हाई ओ." सगळं मैदान हसतंय, आणि गेनूभाऊ खाली बसून शेळीचं पोट दाबून बघतायत. "फुगलीया. गोडं तेल पाज आन् जरा फिरव," म्हणून सांगितलं, कोट झटकला आणि बोलरला म्हणाले, "हां, दोन बॉल ऱ्हायल्यात." मी भोंग्यावरून "शेळीपानाचा ब्रेक" जाहीर केला, तो शब्द पुढे आमच्याकडे रूढच झाला.

घाटमाथ्यावरच्या आहुपे गावचा किस्सा तर सांगायलाच हवा. तिथे वरती सपाट जागा मिळणं मुश्कील. मैदान एका अंगाला कललेलं, आणि उतरत्या बाजूला देवराई. तिथली पालापाचोळ्याची काडीसुद्धा कुणी उचलत नाही, आणि पायात घालून आत जायचं नाही. सामन्याआधी दोन्ही कॅप्टनना घेऊन मैदानाला फेरी मारायची आणि झाड, विहीर, गोठा जे आडवं येईल त्याचा नियम जागच्या जागी ठरवायचा, ही गेनूभाऊंची पद्धत होती. तिथे त्यांनी ठरवलं, "देवराईत बॉल गेला तर सिक्सर न्हाई. दोन रन. आन् ज्यानं मारला त्यानंच बूट काढून आणायचा."

खालून गेलेल्या संघात एक हाणामारीवाला गडी होता. त्याने ऐकून मान डोलावली आणि पहिलाच चेंडू देवराईत भिरकावला. बूट सोडले, मोजे काढले, आत गेला, काटे काढत परत आला, बूट घातले. दुसरा चेंडू पुन्हा तिकडेच. उतारावरून चेंडू जायचाच तिकडे. तिसऱ्या वेळी तो अनवाणीच बॅटिंग करायला उभा राहिला. चौथ्या वेळी त्याने बॅट खाली ठेवली आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, मला आउट द्या, पन आता आत पाठवू नका." गेनूभाऊ शांतपणे म्हणाले, "जमिनीवरनं खेळ की लेका. कोण नगं म्हणतंय?" आहुपेकर जिंकले. खाली येताना गाडीत तोच गडी गेनूभाऊंच्या मांडीवर पाय ठेवून बसला होता आणि भाऊ त्याच्या तळव्यातले काटे काढत होते.

असा माणूस. लोक त्यांच्यावर उगाच नाही जीव टाकत होते. चुकायचे का? चुकायचे. पण चुकले, की पुढच्याच चेंडूला त्या खेळाडूपाशी जाऊन "चुकलं बाबा माझं" म्हणायचे. आमच्या भागात पुरुषमाणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मिळणं म्हणजे दुर्मीळच. ज्याच्यावर अन्याय झाला तोच मग "जाऊ द्या ओ भाऊ" म्हणत त्यांची समजूत काढायचा.

मग त्यांचे कान गेले.

मला ते पहिल्यांदा हिराबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी सांगितलं. दुकानात वायर न्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "सुभाषभाऊ, ह्यांना आता कुकरची शिट्टी ऐकू येत न्हाई. तुमी तरी सांगा, यंदा उभं ऱ्हाऊ नका म्हणून. ते मोबाइलवाले शूटिंग घेत्यात. येक कट चुकली तर सगळ्या जगाम्होरं हसं व्हईल. जल्मभर कमावलेलं येका दिसात जायाचं."

त्यांचं बरोबर होतं. पूर्वी अंपायरची चूक मैदानावर जन्मायची आणि चहाच्या टपरीवर मरायची. आता पोरं सगळे सामने यूट्यूबवर दाखवतात, आणि तोच चेंडू संथ गतीने दहादा बघून शेंबडं पोरसुद्धा अंपायरची बिनपाण्याने करतं. मी गेनूभाऊंकडे गेलो, आडून आडून विषय काढला. त्यांनी खिशातून कानाचं यंत्र काढून दाखवलं. "आणलंय की. पन घरात चालतं, मैदानात तुमचा भोंगा लागला, की कूंऽऽ करून आरडतं. म्हून खिशात ठेवतो." मग जरा थांबून म्हणाले, "भाऊ, मी आता तोंडं बघतो. कट लागली, की बॅट्समनचं तोंड पडतं. बोलायच्या आदी तोंड बोलतं." त्यांच्या आवाजात विनवणी होती. मैदान सुटलं, की हा माणूस सुकून जाईल, हे मला दिसत होतं. नुसता चहा पिऊन परत आलो.

त्या हंगामात मी जीव मुठीत धरून बोलायचो. आणि हळूहळू एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. मैदान गप्प झालं होतं.

महाळुंगे पडवळचा कीपर सोपान. याचं अपील म्हणजे घाटात गाडा सुटावा तसं. चेंडू बॅटपासून हातभर लांबून गेला तरी हा दोन्ही हात वर करून गुडघ्यावर बसणार. मी त्याला भोंग्यावरून "अपिलांचे सम्राट" म्हणायचो आणि त्याला ते आवडायचं. तो सोपान आता चेंडू धरायचा आणि मुकाट बोलरकडे फेकायचा. खरोखर कट असली तरच वळायचा, आणि ओरडायचा नाही. गेनूभाऊंच्या डोळ्यांत बघून बॅटच्या कडेची खूण करायचा. दुसरीकडे बॅट्समन. आमच्याकडे दांडी उडालेला माणूससुद्धा आधी नो बॉल होता का म्हणून अंपायरकडे बघतो. ते बॅट्समन आता कट लागली, की बॅट काखेत मारून आपल्या पायाने चालते व्हायचे. मी आधी समजलो, कुणी कीर्तनकार या पोरांच्या मनात शिरला. मग एका सामन्यात खोडदचा कॅप्टन विकास असा आपणहून चालत आला आणि पाणी प्यायला ट्रॉलीपाशी थांबला. मी माइक बंद करून विचारलं, "काय रे, भाऊंनी तर बोट उचललं नव्हतं?"

तो इकडे तिकडे बघून म्हणाला, "त्यांना ऐकू आलं नसंल ओ. आपुनच जायाचं."

कुणी बैठक घेतली नव्हती. कुणी ठराव केला नव्हता. ज्या गावांचं पाण्याच्या पाटावरून पटत नाही, त्या गावांच्या पोरांनी एकमेकांना न सांगता हे ठरवून टाकलं होतं. मी पुन्हा माइक सुरू केला आणि कुणाच्यातरी सापडलेल्या किल्ल्या उगाच दोनदा जाहीर केल्या.

आणि मग जत्रेतला तो अंतिम सामना. खोडद विरुद्ध महाळुंगे पडवळ. खोडदची शेवटची जोडी, तीन चेंडू, चार धावा हव्यात. समोर विकास. यूट्यूबवाल्या पोरांनी स्टंपापाशी छोटा माइक लावला होता आणि हौसेने तो माझ्या मशीनला जोडला होता, त्यामुळे पिचवरची कुजबुजसुद्धा सगळ्या मैदानावर ऐकू येत होती.

चेंडू बाहेर पडला, विकासने बॅट फिरवली, सोपानने पुढे झेपावत जमिनीलगत चेंडू उचलला. महाळुंगेकर नाचत आत धावले. विकासने मान खाली घातली, बॅट काखेत मारली आणि निघाला. गेनूभाऊ मान हलवून नाही नाही म्हणत होते, पण विकासची त्यांच्याकडे पाठ.

आणि सोपान ओरडला, "विक्या, थांब! टप्पा पडलाय!"

विकास न वळता म्हणाला, "कट लागलीया. मी आउट हाये."

"कट लागली रे, पन कॅच झाला न्हाई! जमिनीवरनं उचललाय मी!"

"मला उपकार नगंत तुझं."

महाळुंग्याचे बाकीचे सोपानवर तुटून पडले. "आरं सोप्या, गप की! जिंकलोय आपुन!" सोपान त्यांना ढकलतोय, विकास बॅट आपटतोय. एक म्हणतोय मी आउट, दुसरा म्हणतोय तू नाहीस. इतकी वर्षं मी या मैदानांवर भांडणं पाहिली, पण दोन गावं अशी उलटी भांडताना कधी पाहिली नव्हती. शेवटी विकास तिरमिरीत बोलून गेला, "आरं, मी थांबलो आन् भाऊंचं चुकलं, तर नाव त्यांचं जाईल! त्यांना ऐकू येत न्हाई, ठावं न्हाई का तुला?"

ते भोंग्यातून सगळ्या मैदानाने ऐकलं. ऐकलं नाही ते एकाच माणसाने. पण जत्रेतली सगळी माणसं एकदम गप्प होऊन आपल्याकडे बघायला लागली, की बहिऱ्यालाही कळतं. गेनूभाऊ त्या दोघांपाशी गेले. एकदा विकासच्या तोंडाकडे बघितलं, एकदा सोपानच्या.

"माझ्या कानाच्या जागी तुमीच खरं सांगताय मला. कवापासनं?"

सोपान पायाने माती उकरायला लागला.

गेनूभाऊंनी खांदे सरळ केले. "टप्पा पडल्याला मी बघितलाय. कान गेल्यात, डोळं हायेत. विकास, मागं फीर. नॉटआउट." त्यांनी हे खणखणीत आवाजात सांगितलं. इतके दिवस जे लपवलं ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने, माझ्या भोंग्यातून, दोन तालुक्यांना सांगून टाकलं.

विकास परत उभा राहिला. पुढच्या चेंडूवर दोन धावा काढल्या, आणि शेवटचा उंच मारला तो सीमारेषेवर स्वच्छ झेलला गेला. महाळुंगे पडवळ जिंकलं. त्या दिवशी मैदानात असलेल्या निम्म्या लोकांना आज कोण जिंकलं हे सांगता येणार नाही.

बक्षीस समारंभाला गेनूभाऊंनी माझ्या हातातला माइक मागून घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच. म्हणाले, "मंडळी, मला ऐकायला येत न्हाई. मला वाटायचं, तुमाला ठावं न्हाई. तुमाला वाटायचं, मला ठावं न्हाई. दोन्हीकडनं वाइड झालं." लोक हसले. ते हसले नाहीत. "तुमी आता आपापलं खरं सांगताय. मग मदी म्हातारा कशाला उभा करायचा? मी थांबतो. लई लाड केलंत माझं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. गेनूभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "काय म्हणत्यात?" आयुष्यभर आवाज विकला, आणि एवढा एक आवाज मला त्यांच्यापर्यंत पोचवता येईना. सोपानच्या ते ध्यानात आलं. त्याने भाऊंना खांद्याला धरून लोकांकडे वळवलं आणि आपले दोन्ही हात सिक्सरसारखे वर केले. मग विकासने केले. मग मंडपातल्या, ट्रॅक्टरवरच्या, झाडावरच्या सगळ्यांनी केले. गेनूभाऊंनी ते बघितलं. मग कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि चेनी-घड्याळं ज्याची त्याला परत द्यायला लागले.

पुढच्या हंगामात मंडळाने नवा अंपायर आणला. तरणा, कडक इस्त्रीचे कपडे, परीक्षा पास झालेला, नियम तोंडपाठ. पहिलाच सामना महाळुंगे पडवळचा. पहिल्याच ओव्हरला चेंडू बॅट्समनच्या मांडीला लागून सोपानच्या हातात गेला, आणि सोपान दोन्ही हात वर करून, गुडघ्यावर बसून असा काही बोंबलला, की मंडपातली कबुतरं उडाली. अंपायर बिचारा गांगरला आणि त्याने बोट वर केलं. बॅट्समन बॅट मांडीवर आपटून दाखवत तिथेच ठाण मांडून बसला. दहा मिनिटं खेळ बंद.

पाण्याच्या वेळेला मी सोपानला ट्रॉलीपाशी बोलावलं. म्हणालो, "काय रे, भाऊंच्या वक्ताला तर लई साधू झाला व्हतास. आता काय झालं?"

सोपानने तोंड धुतलं, पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि मलाच वेड्यात काढत म्हणाला, "काय राव शेठ! ह्याला दोन्ही कान हायेत की."